मावशींचा ओटा

वस्त्यांच्या सुधारणेचं काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत मी आर्किटेक्ट आहे. आराखडा ऑफिसात बसून काढायचा नाही, लोकांमध्ये बसून काढायचा, अशी आमची पद्धत. पण गोखिवऱ्याच्या डोंगराला टेकलेल्या त्या चाळीत मी पहिल्यांदा गेले, तेव्हा गल्ली इतकी अरुंद की बसायचं कुठे हाच प्रश्न पडला. तेवढ्यात एका घरातून हाक आली, "बाय, हितं ये. सावली हाय."

त्या मावशी. मिठागरांच्या गावातून लग्न होऊन इथे आलेल्या. गल्लीत ओटा असा त्यांच्याच घराला होता, शहाबादी फरशीचा, गुळगुळीत झालेला. त्यावर त्यांचे यजमान बसलेले असत. लकव्याने त्यांची एक बाजू गेली होती आणि वाचाही. सकाळी मावशी त्यांना बाहेर आणून बसवत, ते दिवेलागणीपर्यंत तिथेच. शाळेत जाणारी मुलं त्यांच्या चांगल्या हातावर टाळी देऊन जात.

आमच्या सगळ्या बैठका त्या ओट्यावरच झाल्या. चहाही मावशींचाच. लोकांची मागणी एकच होती, गल्लीत अॅम्ब्युलन्स आली पाहिजे. आदल्या पावसाळ्यात एका बाळंतिणीला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून, गुडघाभर पाण्यातून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावं लागलं होतं. गल्ली रुंद करायची आणि कडेने गटार काढायचं, असं ठरलं. एका बाजूला डोंगराचा कातळ होता, म्हणजे जागा दुसऱ्या बाजूनेच द्यायची. बाकीच्या घरांची एखादी पायरी जाणार होती. मावशींचा अख्खा ओटा जात होता.

मी खडूने जमिनीवर रेघ ओढली, तेव्हा सगळे मावशींकडे बघायला लागले. माझ्या हातात त्यांनीच दिलेला कप होता.

"मावशी, तुमचं काय म्हणणं?" मी विचारलं.

त्यांनी यजमानांकडे पाहिलं, मग शेजारच्या घरातल्या पोटुशा सुनेकडे. म्हणाल्या, "घ्या. पोरीबाळींचं हाल नकोत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशींच्या यजमानांनी चांगला हात फरशीवर दोनदा आपटला. तो मी होकार समजले, आणि अहवालात लिहिलं की निर्णय सर्वानुमते झाला.

काम चांगलं झालं. पाणी तुंबायचं थांबलं. शेजारची सून अॅम्ब्युलन्समधून दवाखान्यात गेली आणि बाळ घेऊन परत आली. बाहेरून पाहुणे आले की मी त्यांना ती गल्ली कौतुकाने दाखवायचे. मावशींच्या घरात मात्र बरेच दिवस गेले नाही. वेळ मिळत नाही, असं स्वतःला सांगत होते.

गेले तेव्हा दार थेट रस्त्यावर उघडत होतं आणि उंबऱ्याला घासून मोटारसायकली जात होत्या. यजमान आत खाटेवर होते, तोंड भिंतीकडे. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. मावशींनी चहा ठेवला. मी खाटेच्या कडेला टेकले.

"मावशी, मी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारायला नको होतं. आधी घरात येऊन विचारायला हवं होतं."

त्या गाळणी धूत होत्या. म्हणाल्या, "घरात इचारलं असतं तर मी नाय म्हटलं असतं."

गाळणी झटकून त्यांनी चहा कपात गाळला.

"मंग गाडी कुठनं आली असती? घरात नाय इचारलंस तेच बरं झालं. पानी तुंबत नाय आता." मग खाटेकडे न बघता म्हणाल्या, "ह्यांना कोनी इचारलंच नाय म्हना."

चहा अर्धाच ठेवून मी उठले.

नंतर गल्लीच्या वळणावर, गाड्या जात नाहीत अशा कोपऱ्यात आम्ही एक कट्टा बांधून घेतला. लोकांनी आनंदाने मदत केली. यजमानांना उचलून तिथे बसवलं. थोड्या वेळाने ते घराच्या दिशेने हात दाखवायला लागले, आणि दाखवतच राहिले. आता त्या कट्ट्यावर बायका भाजी निवडतात. ते घरातच असतात.

पुढच्या चाळीत मी आधी घरोघर जाऊन, आत बसून विचारलं. घरातल्या म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांनाही. दोघांनी नाही म्हटलं आणि काम अडलं. ऑफिसात माझ्यावर चिडचिड होते, आणि ती चुकीची आहे असं मला म्हणता येत नाही. तिथेही पाणी भरतं.

याच सुमारास एका रविवारी मी भुईगावला घरी गेले होते. चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही जेवायला बसलो. आमच्या वाडीवरून जाणारा रस्ता बोळासारखा आहे. गटारासाठी कुंपण थोडं मागे घ्या, असं गावातल्या लोकांनी भावाला सांगितलं होतं. जाणार होती कडेची दोन नारळाची झाडं आणि थोडी केळी.

"एक वीत देणार नाही," भाऊ म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुझं तर हेच काम. तू सांग."

"तू ठरवशील तसं," मी म्हटलं, आणि आईकडे भात मागितला.

भाऊ नाही म्हणाला तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. कुंपण आहे तिथेच आहे.