डिंकाचे लाडू मानवलेली वहिनी

टेंभुर्णीत आमच्या वहिनीइतकं भराभर बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. चुलतभावाची ही बायको आडावर गेली की बाकीच्या बायका घागरी खाली ठेवत. "माझं तोंड बंद पडलं तर समजा मी मेले," असं ती म्हणायची. सासू ऐकवायची, "मंग तू काय जल्दी मरत न्हाईस!"

ऐंशीच्या दशकात तिला पहिली मुलगी झाली. काही महिन्यांत वहिनीचं बोलणं मंदावलं, आवाज घोगरा झाला. केस मुठीनं गळू लागले. बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतातच, असं सासूनं सांगितलं. भर उन्हाळ्यात ती गोधडी पांघरून बसे. बाळंतिणीला वारं लागलं, असं ठरलं. मग चेहरा सुजला. शेजारणी कौतुकानं म्हणाल्या, "डिंकाचे लाडू बराबर मानवले बघा." सासूनं आणखी लाडू वळले. दवाखान्याचं नाव कोणी काढलं नाही.

बाळ रडे आणि वहिनी जागची हलत नसे. घरानं तिला आळशी ठरवलं. वाटूरच्या नणंदेला मूल नव्हतं. एका दुपारी तिनं विचारलं, "वहिनी, पोरीला मी नेऊ का?" वहिनी नुसती बघत राहिली.

"बघ, न्हाई म्हणत न्हाई ती," सासू म्हणाली. नणंद मुलीला घेऊन एसटीत बसली.

पुढे वहिनी हलवूनही जागी होईना, तेव्हा तिला जीपमध्ये घालून जालन्याला नेलं. डॉक्टरांनी गळा चाचपला, रक्त औरंगाबादला पाठवलं. "बाळंतपणानंतर थायरॉइड मंदावलाय. इतके महिने काय केलं तुम्ही?"

"लाडू घातले," सासू म्हणाली.

गोळ्या सुरू झाल्या. सूज हळूहळू ओसरली, आवाज परतला. आजारातलं तिला काही आठवत नसेल, असं आम्ही धरून चाललो होतो. एका सकाळी ती चुलीपुढे सासूला शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, त्या दिवशी मी ‘न्हाई, न्हाई’च म्हणून राह्यले होते. तोंडातून शब्द निघेपर्यंत एसटी गेल्ती."

तव्यावरची भाकर करपली. कोणी ती उलटली नाही.

वहिनी त्याच दिवशी वाटूरला गेली. मुलगी एव्हाना चालत होती, नणंदेला आई म्हणत होती. वहिनीनं उचलताच ती रडून निळी पडली. वहिनीनं तिला खाली ठेवलं आणि एकटीच परत आली.

मुलगी वाटूरलाच वाढली. तिच्या लग्नात अंतरपाट धरला तेव्हा मुलीच्या पाठीशी मामा म्हणून वहिनीचा नवरा उभा राहिला. शेजारी मामी म्हणून वहिनी होती.