डाव्या कानातली शिट्टी

मंगळवारी दुपारी पुण्याच्या स्टुडिओत काम करताना मला एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. वाटलं, हेडफोन बिघडला असेल. वायर बदलून पाहिली, सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. शेवटी हेडफोन काढला आणि बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले. शिट्टी तिथंही होती. माझ्या डाव्या कानात.

मी सिनेमांची म्युझिक एडिटर आहे. संगीतकाराने दिलेलं संगीत चित्राला नेमकं बसवायचं, दृश्य लहान झालं की संगीतही असं कापायचं की सांधा कुणाला कळू नये, हे माझं काम. त्याआधी मी पेटी वाजवायचे. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावी वडिलांची भीमगीतांची गायन पार्टी होती. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. नवव्या वर्षापासून मी त्यांच्याबरोबर पेटीवर. पुढे पुण्यात रेकॉर्डिंगला वाजवायला लागले आणि तिथूनच या कामात आले. एवढी वर्षं पोट भरलं ते कानांवर.

हातातला सिनेमा नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडचा होता. दिग्दर्शक तिथलाच. गावातल्याच लोकांना घेऊन त्याने तो केला होता आणि पहिला खेळ त्यांनाच दाखवायचं कबूल केलं होतं. खेळ बारा दिवसांवर आला आणि त्याने बरीच दृश्यं छाटली. म्हणजे संगीत पुन्हा पहिल्यापासून बसवायचं. कानाचं मी कुणाला काही बोलले नाही. आठवडाभर उजव्या कानाने काम रेटलं. एकेक सांधा दहादा ऐकायचे, तरी खात्री वाटायची नाही. चहात साखर ढवळतानाही डाव्या कानाला चमचा ऐकू येतोय का, ते बघायचे.

काम पाठवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी नगरचा कानांचा दवाखाना गाठला. पुण्यात डॉक्टरकडे गेले तर ओळखीचं कुणी भेटेल, ही भीती. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला दाबत होते. मग बराच वेळ काहीच नाही. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई लिहीत होत्या, तेव्हा मला कळलं, आवाज चालूच आहेत.

"बारीक, वरचे आवाज या कानाला जवळजवळ येत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "लगेच यायला हवं होतं. गोळ्या देतो, पण पूर्ण परत येईल असं सांगू शकत नाही."

तशीच एसटीने गावी गेले. दादा दारात खुर्ची टाकून बसले होते. मी शेजारी टेकले.

"दादा, मला डाव्या कानानं नीट ऐकू येत नाही."

ते म्हणाले, "मला उजव्यानं येत न्हाई. तू साळंत हुतीस तवापासनं."

मला वाटलं, हेही मी चुकीचंच ऐकतेय.

"म्हनून तर तुला कायम डाव्या अंगाला बसवायचो. तुझ्याकडनं सूर घ्यायचो."

"कधी बोलला नाहीत?"

"बोललो आसतो तर पार्टी टिकली आसती व्हय? येका जयंतीला तू न्हवतीस. दुसरा पेटीवाला उजव्या अंगाला बसला. दोन कडवी बेसूर गायलो. लोकं गप बसून हुती. हसली आसती तर बरं वाटलं आसतं." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "सांगून टाक पोरी. लपवायला लई ताकद लागती."

अंगणात जाऊन मी दिग्दर्शकाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे हे काम तुम्ही अशाच कानाने केलंत?"

"हो."

"मॅडम, आधी सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "परवा खेळ आहे. आता काय करायचं?"

माझी एक जुनी सहकारी संगमनेरला राहते, घरातल्याच खोलीत हेच काम करते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे गेले. आम्ही दोघींनी सबंध सिनेमा ऐकला. तिने तीन ठिकाणी थांबवलं. दोन ठिकाणी बारीक टक् असा आवाज होता. तिसरी चूक मला सर्वांत आवडलेल्या दृश्यातली. आई मुलीला निरोप देऊन घरात परतते, तिथं बासरीचा शेवटचा सूर मध्येच तुटत होता.

"हे तुला ऐकू आलं नाही?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. तिने तो सूर जोडला, दोन्ही टक् काढले आणि आम्ही काम दिग्दर्शकाला पाठवलं.

कर्जतच्या मंगल कार्यालयात पडदा लावला होता. मी मागे बसले आणि त्या तीन ठिकाणी पडद्याऐवजी लोकांकडे बघत राहिले. बासरीचा प्रसंग आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदराने डोळे टिपले. बाकी कुणी हललंही नाही.

गोळ्यांनी थोडं ऐकू यायला लागलं, शिट्टी मात्र गेली नाही. नवीन कामाचा फोन आला की मी आधी कानाचं सांगते. दोघांनी त्यानंतर पुन्हा फोन केला नाही. तिसऱ्याने विचारलं, "मग शेवटचं कोण ऐकणार?" मी संगमनेरच्या मैत्रिणीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, विचार करून कळवतो. चार दिवसांनी त्याने सिनेमा आम्हा दोघींकडे पाठवला.