सासूबाईंचा पहिला जिना

निवृत्त झाल्यावर आमच्या सासूबाईंनी काय करावं, याबद्दल घरात ज्याचं त्याचं मत तयार होतं. ह्यांचं मत, आईने आराम करावा. माझं मत, त्यांनी माझ्याबरोबर सकाळची प्रार्थना तरी वेळेवर करावी. सासूबाईंनी दोन्ही मतं ऐकून घेतली, चहाचा कप विसळून पालथा घातला आणि म्हणाल्या, "मी कॉलेजात नाव घातलंय. संध्याकाळचं आहे. बांधकामाची इंजिनीअर होणार."

हे आपलं चष्म्याचं दुकान उघडायला निघाले होते. ते परत खुर्चीत बसले.

"आई, या वयात इंजिनीअर होऊन करणार काय?"

"तुझ्या दुकानाला तडा गेला तर बघायला येईन. चहा पाजलास की झालं."

सासूबाईंचा जन्म ट्रेसरच्या नोकरीत गेला. ट्रेसर म्हणजे काय हे मला लग्नानंतरच कळलं. सरकारी बांधकाम खात्यात साहेब पेन्सिलीने नकाशा काढायचे, आणि त्यावर पारदर्शक कागद अंथरून सासूबाई तोच नकाशा शाईने उतरवायच्या. रेघ ना इकडे, ना तिकडे. पुढे कॉम्प्युटर आले तरी त्यांच्या वाट्याला तेच आलं, जुने नकाशे पडद्यावर उतरवून घ्यायचे. हात इतका इमानी की एकदा साहेबांच्या नकाशावर चहाचा डाग पडला होता, तर यांनी त्याचीही सुबक कड काढली आणि कागद पुढे गेला. जागेवरची माणसं विचारत आली, ही विहीर किती खोल घ्यायची. साहेब खवळले. सासूबाई म्हणाल्या, "खाली होतं, म्हणून वर आलं." ही गोष्ट त्या आजही मान ताठ करून सांगतात.

"पण सगळ्या रेघा दुसऱ्याच्याच गं," त्या एकदा भांडी पुसता पुसता मला म्हणाल्या. "एक तरी घर माझ्या डोक्यातून कागदावर यावं, आणि हे उभं राहील असं कुणा जाणत्या माणसाने म्हणावं. बास." मला ते पटलं. देवाने डोकं काही नुसते केस विंचरायला दिलेलं नाही.

कॉलेजात पोरं त्यांना काकू म्हणायची. पहिल्या वर्षी गणिताने त्यांना रडवलं. आकृत्या अशा की चौकटीत घालून भिंतीवर लावाव्यात, आणि खालचं उत्तर चूक. मी देवाला सांगितलं, पास कर नाहीतर राहू दे, पण दर परीक्षेला मला असं टांगून ठेवू नकोस. त्याने ऐकलं असावं, कारण गाडी रखडत का होईना पुढे सरकली. साइटवर जायचं हेल्मेट मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. सासूबाई माझ्या खांद्याला लागतात, आणि हेल्मेट कुणा आडदांडाच्या मापाचं. फोटोत पिवळी टोपी आणि खाली हनुवटी एवढंच दिसतं.

घरात भलतेच शब्द आले. इमारतीवर म्हणे दोन तऱ्हेचं वजन असतं. भिंती, स्लॅब वगैरे जे जागचं हलत नाही ते डेड लोड, आणि माणसं-सामान, जे येतं-जातं, ते लाइव्ह लोड. सुट्टीच्या दिवशी हे सोफ्यावर आडवे झाले की सासूबाई वहीतून मान वर करायच्या. "सूनबाई, याला कशात धरू?"

"आई, मी जिवंत आहे."

"हललास की धरीन तसं."

अशी चेष्टा करत करत शेवटचं वर्ष आलं आणि त्यांची खरी परीक्षा तिथे होती. प्रत्येकाने एक दुमजली घर स्वतःचं स्वतः आखायचं, त्याचे नकाशे करायचे आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा द्यायची. त्यात नापास तर पदवी नाही. आणि पुन्हा बसायचीही सोय नव्हती, कारण कॉलेजने संध्याकाळचा वर्ग यंदा शेवटचा असं जाहीर करून टाकलं होतं.

सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावर कोरा कागद पसरला, कोपरे टाचले, पेन्सिलीला टोक केलं आणि बसल्या. मी भाजी चिरली, कणीक तिंबली, देवापुढे दिवा लावून आले, तरी कागद कोराच. मग एकदम हात सुटला आणि झरझर रेघा उमटल्या. मला बरं वाटलं. त्यांनी तो नकाशा डिझाइनच्या सरांना नेऊन दाखवला आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आल्या.

"काय म्हणाले सर?"

"म्हणाले, काकू, घर छान आहे, पण पुढच्या दाराला चौकशीची खिडकी कशाला? आणि अंगणात रांगेसाठी कठडा?"

झालं असं होतं की आयुष्यभर दवाखाने आणि कचेऱ्याच उतरवलेला तो हात, मोकळा सोडल्यावर आपल्या ओळखीच्या वाटेनेच गेला. ह्यांनी नकाशा हातात घेऊन नीट पाहिला. "खिडकी राहू दे आई. मामा आले की त्यांच्याशी बाहेरच्या बाहेर बोलता येईल."

सासूबाई हसल्या नाहीत, तेव्हा मला काळजी वाटली.

त्यानंतर कागद नुसताच टेबलावर पडून राहिला आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो. वर्गातल्या पोरांना दया आली. आधीच्या कुठल्या तरी वर्षाच्या विद्यार्थ्याची अख्खी फाइल त्यांच्याकडे होती. "काकू, सगळ्यांनी हीच घेतलीय. खोल्यांची नावं तेवढी बदला." सासूबाई ती फाइल घरी घेऊन आल्या. नकाशावर पातळ कागद अंथरला आणि काय सांगू, चेहरा असा खुलला की माहेरी गेलेल्या बाईचा काय खुलेल. हात डौलात चालला. पण अर्ध्यातच त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, फाइल गुंडाळली आणि माझ्याकडे दिली.

"कुठेतरी वर टाक. माझा हात पोचणार नाही अशी."

म्हणजे तशी कुठेही चालली असती. मी माळ्यावर टाकली.

त्या दुपारी त्या चिडून गच्चीवर कपडे काढायला गेल्या. आमचा जिना उभा, पायऱ्या उंच. परत येताना मधल्या पायरीवर बसल्या, गुडघा धरला आणि तिथूनच ओरडल्या, "हा जिना ज्याने काढला त्याला गुडघे नव्हते."

मग आवाजच बंद झाला. मी धावत गेले तर त्या कमरेला खोचलेली मोजायची टेप पायरीला लावून बसलेल्या.

"सूनबाई, दुसरा कागद आण. कोरा."

मला वाटलं होतं, घर काढायचं तर आधी पाया काढत असतील किंवा दार. सासूबाईंनी जिन्यापासून सुरुवात केली. बुटक्या, ऐसपैस पायऱ्या काढल्या, गुडघ्यांना विचारून विचारून. पायऱ्या बुटक्या म्हणून जास्त लागल्या, म्हणून जिना लांबला, म्हणून खालची खोली सरकली, म्हणून स्वयंपाकघर उजेडाकडे गेलं. एकातून एक निघत गेलं. वरच्या मजल्याचा बीम, म्हणजे जिन्यावरून आडवी जाणारी तुळई, कुठे घ्यायचा यावर थोडं अडलं, तेव्हा त्यांनी टेप उभी धरली, स्वतः तिला लागून उभ्या राहिल्या, डोक्यावर हात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "लागत नाही. बसला." सरांनी नकाशा घाईत चाळला, खिडकी नाही ना एवढं पाहिलं आणि परीक्षेला पाठवला.

तोंडी परीक्षेला कागदांची गुंडाळी धरायला मी बरोबर गेले. उकाड्यामुळे खोलीचं दार सिमेंटचा ठोकळा लावून उघडं ठेवलं होतं. मी बाहेरच्या बाकावर माळ ओढत बसले. ओठ नामात होते, पण कान मोकळे होते. परीक्षक ताडमाड उंच, आवाज खर्जातला.

"ही खिडकी कपाटात का उघडते?" त्यांनी पहिल्या मुलाला विचारलं.

"हवा खेळती राहावी म्हणून, सर."

दुसरी मुलगी गेली. तिचीही खिडकी कपाटात. तिसऱ्याचीही. पुढे पुढे परीक्षकांनी कारण विचारणंच सोडलं. "कपाटात?" "हो सर." "या आता."

मग सासूबाई आत गेल्या. बराच वेळ नुसती कागदांची सळसळ.

"पायऱ्या अशा बुटक्या का घेतल्या?"

"गुडघे, साहेब."

"बरं. या वरच्या पायऱ्यांपैकी एकीवर मी उभा राहिलो तर काय होईल?"

सासूबाईंनी मापं पाहिली असावीत. "तुमचं डोकं बीमला लागेल," त्या हळूच म्हणाल्या.

"आणि तुमचं?"

"माझं नाही लागत. मी मोजलंय."

"घरात सगळे तुमच्याएवढेच आहेत का?"

"मुलगा उंच आहे. पण तो जिना चढतोच कुठे."

परीक्षकांनी विचारलं, "हे कुठून उतरवलंत?"

"कुठूनच नाही." आवाज जवळजवळ रडका.

"तेच म्हणतो. इतक्या वर्षांत ही चूक मी कुठल्याच फाइलमध्ये पाहिलेली नाही." मग कोरा कागद सरकवल्याचा आवाज आला. "दुरुस्त करून दाखवा. इथेच."

माझी माळ थांबली. देवा, मी म्हटलं, हिच्या हाताखाली आज काहीच नाही, तू तेवढा राहा. आणि मग पेन्सिलीचा आवाज आला. आधी थांबत थांबत, मग सरळ.

"मध्येच वळवते साहेब. इथे उभं राहायला चौक देते, आणि मग असा वर नेते. बीम डोक्यावर येतच नाही."

"पायऱ्या थोड्या उंच केल्यात तर वळवावाही लागणार नाही."

"पायऱ्यांचं सोडून बोला."

परीक्षक हसले की खोकले ते बाहेर कळलं नाही. म्हणाले, "घर उभं राहील, बाई. या आता."

सासूबाई बाहेर आल्या त्या लालबुंद. गुंडाळी माझ्या हातात कोंबली. "चूक निघाली," त्या म्हणाल्या.

"असू दे हो आई."

"अगं, माझी निघाली. माझी स्वतःची."

घरी येईपर्यंत त्यांनी ती चूक रिक्षावाल्याला समजावून सांगितली होती. निकाल लागला तेव्हा गुण काठावरचेच होते. सासूबाईंनी सगळ्यात आधी भावाला फोन लावला आणि जिना कुठून निघाला, कसा लांबला, साहेबांचं डोकं नेमकं कुठे आपटलं असतं, हे सगळं सुरुवातीपासून सांगायला घेतलं. शेवटी पलीकडून मामांचा वैतागलेला आवाज मलाही ऐकू आला, "अगं पण ताई, पास झालीस का नाही?"

"ते झालेच रे. आधी बीम कुठे होता ते ऐक."