जळालेल्या मोटरचा फोटो

आगाशीच्या बाजारात पंप दुरुस्त करणारे एक काका होते. काम करताना ते मोटरलाच विचारत, "काय दुखते गो तुला?" मग माझ्या सायबर कॅफेत बसून, एका बोटाने टाइप करत, त्या कामाची गोष्ट फोटोसकट इंटरनेटवर टाकत.

एकदा त्यांनी वायर चुकीची जोडली आणि वटार गावच्या एका बागायतदाराची मोटर जळाली. त्यांनी ती बदलून दिली आणि तेही लिहिलं.

"काका, हे कशाला? गिऱ्हाईक तुटेल," मी म्हणालो.

"मंग निस्तं चांगलंच सांगू? लोकांच्या बागेचं पानी माझ्या हातात हाय."

पुढे काही दिवस दुकानात शुकशुकाट होता. मग तेच बागायतदार शेजाऱ्याला घेऊन आले.

"याची मोटर बघा," ते म्हणाले, "आणि काय होईल ते लिहा."