बारावं कडवं

माझी बायको आणि माझी धाकटी बहीण या नणंद-भावजयींनी भुलाबाईच्या गाण्यांची एक कॅसेट काढली, त्याला आता चार वर्षं झाली. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे पोरी-बाया संध्याकाळी भुलाबाईच्या मातीच्या मूर्तीपुढे बसून टाळ्यांवर ही गाणी म्हणतात. या दोघींनी ती ऑर्गनवाल्याच्या आणि गिटारवाल्याच्या साथीनं म्हटली. नागपूरच्या सदर भागात एका फोटो स्टुडिओच्या वरच्या खोलीत, भिंतींना गाद्या टांगून, दोन दिवसांत रेकॉर्डिंग झालं. गाणी दहा, बाजू दोन, आणि वेळ मोजायला मी.

खरी अडचण वेगळीच होती. बहीण पारशिवनीला दिलेली. लग्नानंतर सहा वर्षं ती घराबाहेर गायली नव्हती. कोजागिरीला नागपुरात दोघींचा स्टेजवर कार्यक्रम ठरत होता, पण तिची सासू म्हणाली होती, "कॅसेट काढा. पण आधी मी ऐकतो, मंग स्टेजवर जाऊ द्याचं का नाई ते सांगतो."

आणि शेवटचं गाणं होतं सासूच्या तक्रारींचं. कडवी अकरा, तक्रारी अकरा. सासू दुधावरची साय लपवते, लोणच्याच्या बरणीला कुलूप लावते, माहेरचा माणूस आला की चुलीत पाणी ओतते. मला ते एकतर्फी वाटलं. म्हणून मी बारावं कडवं रचलं. त्यात सून कबूल करते की सासू म्हणजे घराचा आधार, तिच्यामुळेच संसार शिकले.

बायकोनं ते वाचलं आणि म्हणाली, "लोकाच्या सासूवर लिहिता. माझ्या सासूवर एखादी ओळ लिहून दाखवा."

माझी आई शेजारीच गहू निवडत होती. मी विषय बदलला.

कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. दुसरी बाजू मी रेकॉर्डिंगआधीच घड्याळ लावून मोजली होती. बारावं कडवं धरून एकोणतीस मिनिटं, दहा सेकंद. पन्नास सेकंद हाताशी ठेवले होते. स्टुडिओवाला म्हणाला, "काकाजी, इतका हिसाब तर रेल्वेवालेही नाही करत." मला ती स्तुतीच वाटली.

शनिवारी कॅसेटी तयार होऊन आल्या. बहिणीनं पहिली उचलली आणि दुपारच्या बसनं पारशिवनी गाठली. इकडे आमच्या गल्लीत संध्याकाळपर्यंत तीन घरांतून गिटार ऐकू येऊ लागली. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "भुलाबाईले गिटार काहून पाहिजे वं? लग्नाच्या वरातीवानी वाटून राहिलं." समोरच्या घरातल्या सुनेनं मात्र पहिली बाजू चारदा लावली. दुसऱ्या बाजूपर्यंत कुणी पोचलंच नाही.

ती रविवारी सकाळी मी लावली, हातात घड्याळ घेऊन. अकरावं कडवं संपलं आणि खट्ट झालं. बटण वर आलं. बारावं कडवं नव्हतं.

कारण कागदावर पाच मिनिटांत सापडलं. गिटारवाल्याला ऐनवेळी सुचलं म्हणून त्यानं या एका गाण्यात दर दोन कडव्यांमध्ये नऊ सेकंदांचा तुकडा वाजवला होता. मी गाणं मोजलं होतं टाळ्यांवर. बारा कडवी म्हणजे अकरा तुकडे, नव्व्याण्णव सेकंद. पन्नास वजा केले की एकोणपन्नास जास्त. बारावं कडवं चाळीस सेकंदांचं आणि त्याआधीचा तुकडा नऊचा. फितीनं नेमकी स्तुती तेवढी कापली होती.

"बरोबर एकोणपन्नास," मी म्हणालो.

"पायात चपला घाला," बायको म्हणाली. "बस चुकेल. तिकडे दुसरी बाजू लागायच्या आत पोचायचं आहे."

आम्ही पारशिवनीला पोचलो तेव्हा ओसरीवर आठ-दहा बाया बसल्या होत्या, मधे टेपरेकॉर्डर, आणि पहिली बाजू संपत आली होती. मी बहिणीला खुणावलं. तिला वाटलं, मला पाणी हवं. बाजू संपल्यावर मी म्हणालो, "मशीन गरम झालं असेल. जरा थंड होऊ द्यावं."

"मशीन कालच नवं आणलं अन् आज गरम?" सासूबाई म्हणाल्या. "बस गा भाऊ. पलटव वं ते."

बाजू उलटली. पुढची तीस मिनिटं मी घड्याळाकडे पाहिलं नाही, तरी मला कळत होतं. साय आली, कुलूप आलं, चुलीतलं पाणी आलं. अकरावं कडवं संपलं. खट्ट. बहीण माझ्याकडे बघायला लागली.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "अजून एक कडवं होतं. त्यात सासूचं कौतुक आहे. फीत संपल्यानं राहून गेलं."

"या गाण्यात कौतुक?" सासूबाई म्हणाल्या. "मी सात वर्साची होती तवापासून म्हणून राहिली हे गाणं. अकराच कडवे आहेत याले. बारावं कोनं घातलं?"

बायकोनं माझ्याकडे बोट दाखवायलाही वेळ लावला नाही.

"मंग मशीनीले तुयापेक्षा जास्त समजते," त्या म्हणाल्या. सगळ्या बाया हसल्या. "पण कुलपाचं कडवं चुकलं. सासू बरणीले कुलूप नाई लावत. फोडी मोजून ठेवते."

"ते तर आमच्या माहेरी दादा करते," बहीण म्हणाली.

मी बरणीतल्या फोडी आयुष्यात एकदाच मोजल्या होत्या, पण तो मुद्दा तिथं काढण्यात अर्थ नव्हता.

"ते सुधरव," सासूबाई सुनेला म्हणाल्या, "अन् जा स्टेजवर. मी समोर बसतो. चुकली तं तिथंच सांगतो."

कोजागिरीला त्या पहिल्या रांगेत बसल्या. गाणं अकरा कडव्यांचं झालं, कुलपाच्या जागी फोडी आल्या आणि टाळ्या तिथंच सर्वांत जास्त पडल्या. बारावं कडवं माझ्या वहीत आहे. मात्रा पुन्हा मोजून पाहिल्या, एकही चुकलेली नाही.