पाच मिनिटांचं काम

बंदरावरचा क्रेनवाला पर्वान म्हटलं की आमच्या विदिन गावात, नदीकाठी, अजून चार माणसं मान वर करतात. चारच, कारण बाकीची एकतर स्पेन-इटलीत भांडी घासताहेत, नाहीतर आमच्या इमारतीच्या दारावर चिकटवलेल्या कागदांवरून फोटोतून बघताहेत. माणूस मेलं की त्याचा फोटो छापून दारावर, झाडावर, बसथांब्यावर लावायचा, ही आमची रीत. आता दारावर जागा उरली नाही म्हणून आम्ही जुन्यावर नवा चिकटवतो. पर्वानही तिथेच आहे, वरून दुसरा. त्याच्या कानात वायर आहे. ती कशी आली तेच सांगते.

मी त्सोंका, त्याच्या वरच्या मजल्यावर राहते. तो बंदरावर क्रेन चालवायचा तेव्हा मी तिथल्या खानावळीत रांधायचे. दिवसा तो लोखंड उचलायचा आणि रविवारी लग्नात होरो धरायचा. हातात हात घालून साखळीनं नाचायचा आमचा नाच, त्यात पहिला माणूस रुमाल फिरवतो आणि बाकीचे त्याच्यामागे ओढले जातात. पहिला नेहमी पर्वान. दुसरी त्याची बायको वेर्का. त्याचा हात धरायला दुसऱ्या बाईला ती जागा द्यायची नाही. ती गेली आणि त्यानं रुमाल खिशात घातला तो घातलाच. मग कुठल्याही लग्नात तो टेबलाशी बसून रहायचा, पाय मात्र टेबलाखाली चालू.

पुढे त्याच्या हृदयानं दगा दिला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज नदीकाठी तासभर झपाझप चालायचं.

"मुकाट्यानं चालायला मी काय घोडा आहे?" पर्वान म्हणाला. "वाजंत्री असेल तर चालतो."

"मग घ्या ना विकत," बाई म्हणाल्या. "ती पळणारी पोरं कानात घालतात तसला प्लेअर घ्या. व्यायामाला कामाचा आणि घरीही करमणूक."

त्यानं संध्याकाळी मुलाला फोन लावला. स्विलेन, एकुलता एक, स्पेनमध्ये व्हालेन्सियाला एका गोदामात मुकादम. मी तिथेच वांगी भाजत होते, सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, चांगल्यातला घ्या. पैशांचं बघू नका, मी पाठवतो. आणि गाणी भरायची चिंता करू नका. नाताळला येतोय ना, तेव्हा भरून देतो. पाच मिनिटांचं काम आहे."

त्या फोननंतर पर्वान जो पेटला! वेर्काला मागणी घालायला त्यानं इतका विचार केला नव्हता. गावात असली वस्तू मिळणारी दुकानं दोन. दोन्हीकडे आठवडाभर खेटे घातले, चष्मा विसरतो म्हणून मला बरोबर घेऊन. एक प्लेअर नुसता काचेचा, बटणं नाहीत, बोट घासायचं. पर्वाननं क्रेनच्या दांड्यावर जाड झालेला अंगठा घासला तर प्लेअर भलतीकडेच गेला. दुसरा काडेपेटीएवढा, शर्टाला चिमट्यानं लावायचा. तो मला फार आवडला, पण तो चार्ज करायला कॉम्प्युटर लागायचा आणि आमच्या दोघांच्या घरांत कॉम्प्युटर कुठला, होता तो मीठ-मिरचीचा डबा. तिसऱ्यात रेडिओही होता.

"रेडिओ नको," पर्वान म्हणाला. "इथे रेडिओ लावला की नदीपलीकडचे रुमानियन बडबडत बसतात. आणि रेडिओवर दुसऱ्याच्या मर्जीची गाणी. मला माझी हवीत."

शेवटी एक पसंत पडला. बटणं ठसठशीत, न बघता बोटाला सापडणारी. घामानं बिघडणार नाही असा. एक बारका सेल घातला की झालं, आणि सेल कोपऱ्यावरच्या टपरीत मिळतो. दोन हजार गाणी मावतील, असं दुकानातल्या बाईनं सांगितलं. उरला प्रश्न कानात घालायचा. बाईनं दुकानातल्या नमुन्यावर कुठल्याशा परदेशी पोरीचं गाणं लावून दिलं. पर्वाननं इअरफोन घातले, डोळे मिटले आणि वॉशिंग मशीनच्या रांगेसमोर होरोची पावलं टाकायला लागला. तिसऱ्या पावलाला इअरफोन गळून पडले.

"आजोबा, हे चालायसाठी असतात, नाचायसाठी नव्हे," बाई हसू दाबत म्हणाली.

"चाल आणि नाच यांत फरक पडला ना, तेव्हाच माणूस म्हातारं होतं, पोरी. दुसरे दाखव."

कानामागून वळसा घेणारे इअरफोन मात्र टिकले. दुकानातली गिऱ्हाइकं बघत उभी राहिली. वेर्का गेल्यानंतर मी त्याला नाचताना पाहिलं ते तेवढंच, आणि तेही परक्या पोरीच्या गाण्यावर. मी तोंड फिरवून इस्त्र्या बघत बसले.

बाई बिल करताना म्हणाली, "नवा कोरा आहे, आत काही नाही. गाणी भरून देऊ का? तुमची सगळी जुनी होरोची गाणी आहेत माझ्याकडे."

"नको, नको," पर्वाननं डबा तिच्या हातातून जवळजवळ हिसकावलाच. "माझा मुलगा भरणार आहे."

नाताळला स्विलेन आला नाही. गोदामात गर्दी होती म्हणे. ईस्टरला विमानाची तिकिटं महाग. उन्हाळ्यात त्याची बायको म्हणाली समुद्र हवा, म्हणून ते ग्रीसला गेले. ग्रीस आमच्यापासून केवढ्याशा अंतरावर आहे हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. प्रत्येक फोनला तेच, "बाबा, ते गाण्यांचं माझ्या लक्षात आहे हं. आलो की पाच मिनिटांत करून टाकतो."

पण या फोनांचं मला तेव्हा काही कळलं नाही, कारण त्या पहिल्या नाताळानंतर पर्वान प्लेअर कमरेला लावून, कानात वायरी घालून रोज नदीकाठी चालायला लागला होता. आमच्या दारासमोरच्या बाकावर गेत्सो बसतो. तो बंदरावरचा जुना हिशेबनीस आणि गावाचं वर्तमानपत्र. त्यानं पहिल्याच दिवशी हटकलं, "काय रे पर्वान, पोरगा तर आला नाही, मग गाणी कुठून आली?"

"त्यानं तिकडूनच कॉम्प्युटरवरून पाठवली," पर्वान म्हणाला. "दोन हजार. एकेक निवडून."

झालं. गेत्सोच्या तोंडून ते सगळ्या गावात गेलं. पोरगा असावा तर असा. परदेशात राहून बापाला एकेक गाणं निवडून पाठवतो. आमच्या इमारतीतल्या म्हाताऱ्या आपापल्या पोरांना फोनवर स्विलेनचा दाखला द्यायला लागल्या. मीही माझ्या मुलीला दिला, आणि ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. चालताना कुणी विचारलं की पर्वान एक वायर काढायचा आणि सांगायचा, "आता मोठ्या ढोलाचं होरो चाललंय," आणि पुन्हा वायर घालून निघून जायचा.

दुसऱ्या हिवाळ्यात नदीकाठच्या बर्फावरून त्याचा पाय सरकला. मी मागेच होते. धावत जाऊन उठवून बाकावर बसवलं, टोपी झटकली. एक वायर त्याच्या छातीवर लोंबत होती. एवढा जिवापाड काय ऐकतो बघू तरी, म्हणून मी ती कानाला लावली. आवाज नाही. माझेच कान गेले की काय असं वाटलं. दुसरीही लावली.

"सेल संपला वाटतं, दादा."

"सेल नाहीच आत," तो नदीकडे बघत म्हणाला. "गाणी नाहीत तर सेल कशाला वाया घालवायचा?"

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! मी हसणार होते, पण त्याचा चेहरा बघून हसू तोंडातच राहिलं.

"मग वर्षभर चालतोस ते कशावर?"

"डोक्यात वाजतं की. पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत, एक ठोका चुकत नाही." मग वायर माझ्या हातातून घेत म्हणाला, "वेर्कासुद्धा असते दुसरी."

"चल, ऊठ. आत्ताच्या आत्ता दुकानातल्या त्या बाईकडे जाऊ. ती भरून देईल."

त्यानं प्लेअरवर पंजा ठेवला. "भरून घेतला, तर तो येईल कशाला?"

"अरे, बाप आहे म्हणून येईल."

"बाप तर मी आधीपासूनच आहे, त्सोंका."

मी त्याच्या टोपीवरचा बर्फ पुन्हा झटकला, जो आता नव्हताच. घरी येऊन मात्र स्विलेनला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "मावशी, तू म्हणतेस ते खरं आहे. या ईस्टरला नक्की. बाबांना म्हणावं, प्लेअर तयार ठेवा." मी खाली जाऊन निरोप दिला. पर्वाननं त्याच दिवशी टपरीतून नवा सेल आणला आणि डब्यात जपून ठेवला.

ईस्टरपर्यंत पर्वान पोचला नाही. मार्च लागला, मी त्याच्या मनगटावर वसंताचा लाल-पांढरा दोरा बांधला, आणि त्याच आठवड्यात एका सकाळी तो नदीकाठच्या बाकावर बसला तो उठला नाही. वाईट याचं वाटतं की तो तिथे बराच वेळ तसाच होता. बायका कुत्री फिरवून गेल्या, शाळेची पोरं गेली. गेत्सोसुद्धा समोरून गेला, हात वर केला, उत्तर आलं नाही तेव्हा त्याला वाटलं, साहेब गाण्यात रमलेत. कानात वायरी असलेल्या माणसाला कोण हलवून बघतो?

स्विलेनला दफनाला विमान मिळालं नाही. दफनाचे फोटो पाठवा म्हणाला, दारावरचा कागद मीच इथे छापून घेतला. अलीकडचा फोटो एकच होता, गेत्सोनं नदीकाठी काढलेला. म्हणून पर्वान दारावर कानात वायर घालून आहे, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'तुमचा प्रिय पुत्र स्विलेन'. तो मजकूर त्यानं फोनवर सांगितला होता.

मेल्याच्या चाळिसाव्या दिवशी आमच्याकडे जेवण घालतात, त्याला मात्र तो आला. मोठी भाड्याची गाडी, काळा शर्ट, कपाळावरून मागे सरकलेले केस. हॉटेलात टेबल लावलं, उकडलेला गहू, वर पिठीसाखर, मासे, वाइन. कंजूषपणा केला नाही, खोटं का बोलू? मेलेल्याच्या वस्तू त्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतात. गेत्सोला टोपी मिळाली. माझ्या हातात त्यानं प्लेअर ठेवला.

"मावशी, हा तू ठेव. बाबांचा जीव होता त्यावर."

"असणारच!" गेत्सोनं टोपी घालून वाइनचा पेला उचलला. "पोरा, तू दोन हजार गाणी पाठवलीस म्हणून म्हातारा वर्षभर जास्त जगला. सगळं गाव सांगतं. ऐक की जरा, शेवटी काय ऐकत गेला आमचा पर्वान?"

टेबलावरची सगळी डोकी स्विलेनकडे वळली. मला वाटलं, आता हा म्हणेल, नाही हो, मी काही पाठवलं नव्हतं. निदान गप्प तरी बसेल. बापानं गावात काय सांगितलं होतं ते त्याला तेव्हाच कळत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. त्यानं माझ्या हातातून प्लेअर घेतला, वायरी कानात घातल्या, बटण दाबलं आणि डोळे मिटले. मग त्याची बोटं टेबलावर पडायला लागली. एक-दोन, एक-दोन. आमच्या होरोत एक पाऊल लांबतं, तिथेच तर त्याचा सगळा जीव. याच्या बोटांना ते पाऊलही माहीत नव्हतं.

"हं," तो म्हणाला. "हेच. हेच त्यांचं आवडतं."

वेर्काची म्हातारी बहीण रडायला लागली. गेत्सोनं आदरानं टोपी काढली. एक शब्द बोलले असते तर पोरगा तिथल्या तिथे उघडा पडला असता, पण त्याच्याबरोबर बापही पडला असता. म्हणून मी गहू चावत बसले. खाण तशी माती, एवढंच मनात आलं, आणि लगेच पर्वानची मनातच माफी मागितली. तो खोटं बोलला ते पोराचं नाव राखायला. हा कुणासाठी बोलला?

पांगापांग झाल्यावर त्यानं मला घरी सोडलं. आमच्या दारासमोर गाडी थांबली तेव्हा मी प्लेअरचं मागचं झाकण उघडून त्याच्यासमोर धरलं. सेलची जागा रिकामी होती.

"तुझ्या बापाला हे नाटक वर्षभर करावं लागलं," मी म्हणाले. "तुला एका घासात जमलं."

तो कानापर्यंत लाल झाला. खाली बघत राहिला. मला वाटलं, आता रडेल, आणि रडला असता तर मी त्याला जवळ घेतलं असतं. लहानपणी माझ्याच स्वयंपाकघरात वाढलेलं पोर ते. पण त्यानं मान वर केली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता.

"एवढंच ना, मावशी? लॅपटॉप गाडीतच आहे. आत्ता भरून देतो."

"कुठली गाणी भरणार?"

"आहेत माझ्याकडे. बरीच आहेत." तो डिकी उघडायला वळला. "पाच मिनिटांचं काम आहे."

त्यानं गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला, वायर जोडली, दोनदा बोट दाबलं. मी दाराशी, पर्वानच्या फोटोखाली उभी होते. पोरगा खोटं बोलत नव्हता. खरंच, तेवढाही वेळ लागला नाही.