हमालाचं पोट, शेठजींची दुर्बीण

अन्याय झाला माझ्या वडिलांवर. त्र्याऐंशी साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, परभणीच्या एका दवाखान्यात. ते मानवतच्या आडतीवर हमाल होते. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. त्यांचं पोट बेंबीखाली चिरलं, आणि चिरण्याआधी एकानंही विचारलं नाही की बाबा, तू काम काय करतोस.

लघवी वर्षभर अडखळत होती. सांगायची लाज. आडतीच्या भिंतीआड बराच वेळ उभे राहायचे, आणि टोळीतले हमाल ओरडायचे, "मामा, नळाला पाणी आलं का न्हाई अजून?" सगळे हसायचे. तेही हसायचे. पोळ्याच्या दिवशी लघवी पुरती तुंबली, पोट दगडासारखं झालं. एसटीच्या दांड्याला लोंबकळत ते परभणीपर्यंत आले. नळी घातल्यावर मोकळं झालं, तेव्हा हुंदके देऊन रडले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "प्रोस्टेटची गाठ वाढलीय. ऑपरेशन." एवढंच. कंपाउंडरनं कागद पुढं केला. मी तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीची पत्रकं लिहीत होतो. सरकारी परिपत्रकातला शब्द न् शब्द फाडून काढायचो. त्या कागदावर मात्र न वाचता सही केली.

त्याच संध्याकाळी, वडील गुंगीत असताना, शेजारच्या खाटेवरचं बोलणं कानावर आलं. तिथं मानवतचेच एक धान्याचे व्यापारी होते. आजार तोच, नळी तशीच. डॉक्टर त्यांना खुर्ची ओढून समजावत होते, "शेठजी, नळी आहे तोवर घाई नाही. आठवडाभर थांबा. औरंगाबादचे सर्जन दुर्बीण घेऊन येतात. लघवीच्या वाटेनंच गाठ खरवडून काढतील, पोटाला हात नाही." शेठजी थांबले. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी आपल्या पायांनी जिना उतरले. त्या दिवशीही वडिलांच्या जखमेतून लघवी पाझरत होती.

टोळीतले भेटायला आले. चादर उचलून एकजण म्हणाला, "मामा, दाभणानं शिवलंय की हो, पोत्यावानी!" हसताना वडिलांचे टाके ताणले, ते कळवळले. दुसरा समजूत घालायला लागला, "पोट फाडलं ते बरंच झालं. दुर्बिणीनं नुसतं वरवर खरवडतेत. मुळासकट निघालं तुमचं."

मी डॉक्टरांना गाठलं. "ह्यांना दुर्बीण का नाही?"

"मोठी गाठ पोटातूनच काढावी लागते."

ते खोटं नव्हतं. दुर्बिणीतही रक्त जातं, कधी गाठ पुन्हा वाढते, हेही मी पुढं वाचलं. तेव्हा एवढंच विचारलं, "ह्यांची किती मोठी होती?"

त्यांनी केसपेपर चाळला. आकार लिहिलेलाच नव्हता.

"सांगून तुम्हाला काय कळलं असतं? आणि सही तुमचीच आहे ना?"



दिवाळीनंतर ज्वारीची आवक सुरू झाली. माय नको नको म्हणत असताना वडील आडतीवर गेले. तिसऱ्याच पोत्याला टाक्यांच्या जागी पोट फुगून बाहेर आलं. अंतर्गळ, म्हणजे हर्निया. मुकादमानं त्यांना सांडलेलं धान्य झाडायला लावलं, बायांच्या रांगेत. ज्या माणसाला फळीवर चढताना लोक वाट द्यायचे, त्याच्या हातात केरसुणी. टोळीतले पुढं त्यांच्याकडं बघायचंही टाळायला लागले. वडील मला एकदाच बोलले, "तुला तर वाचता येतंय की रं बापू."

दुर्बीण शेठजींना मिळाली याचा राग नाही. गादीवर बसणाऱ्याला दोन वाटा सांगितल्या, पोतं उचलणाऱ्याला एकही नाही, याचा आहे.

वाचणाऱ्या माणसा, तुझ्या घरात कुणी भिंतीआड उभं राहायलंय का, आधी बघ. त्याला दवाखान्यात ने. नळी लागली की तुझ्या हातात चार दिवस असतात. डॉक्टरला विचार, पोटातून का, दुर्बिणीतून का नाही, गाठ केवढी आहे. ह्याला उद्या ओझं उचलायचंय, हे तूच सांग, ते विचारणार नाहीत. त्यांनी उत्तर दिल्याशिवाय सही करू नकोस.